अहवाल हातात पडल्यावर येणारं ‘तेवढं एक वाढवून द्या’

‘सर, रिपोर्ट मिळाला, छान झालाय. फक्त मागचं आउटहाऊस तेवढं त्यात घ्या ना. आणि एक कॉपी बँकेच्या नावाने पण द्या.’

मालमत्तेच्या मूल्यांकनाचा सही-शिक्क्याचा अहवाल देऊन आठवडा उलटला की असा मेसेज हमखास येतो. पाठवणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. त्याच्या दृष्टीने फाईल आपल्या कॉम्प्युटरवर तयार आहे, दोन ओळी वाढवल्या की झालं. पण या दोन ओळींत दोन वेगळ्या मागण्या आहेत. आउटहाऊस आलं की मूल्यांकनाची मालमत्ता बदलते. बँकेचं नाव आलं की अहवाल वापरणारा बदलतो. ही दोन्ही नवी कामं आहेत, आणि तीच फाईल उघडून, त्याच क्रमांकावर आणि त्याच तारखेला ती उरकणं ही आपल्या व्यवसायातली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे.

मूल्यांकन अहवालातला आकडा पाच गोष्टींना बांधलेला असतो: कोणती मालमत्ता, कोणत्या तारखेची किंमत, कशासाठी, कोणत्या अर्थाने किंमत, आणि कोणाच्या वापरासाठी. ‘कोणत्या अर्थाने’ म्हणजे बाजारमूल्य, घाईच्या विक्रीतली किंमत, विम्यासाठीचा पुनर्बांधणी खर्च की भाडेमूल्य. अहवाल दिल्यानंतरची मागणी या पाचांपैकी एकाला जरी हात लावत असेल तर ते नवं काम. नवी नेमणूक, नवा क्रमांक, नवी फी. एकालाही हात लागत नसेल तर ती आपली चूक तरी असते, नाहीतर खुलासा. फोन चालू असतानाच मनातल्या मनात ही पाच बोटं मोजायची सवय लावून घ्या. ‘बघतो, करून देतो’ हे शब्द तोंडातून निघून गेले की पुढे फी मागणं अवघड होतं.

आधी आपल्या चुकांबद्दल, कारण तिथे घासाघीस करायची नसते. समजा फ्लॅटचं चटई क्षेत्र मोजणीत ६४.५० चौरस मीटर आलं आणि टाईप करताना ६५.४० झालं. दर १,२०,००० रुपये प्रति चौरस मीटर धरला असेल तर ७७,४०,००० च्या जागी ७८,४८,००० छापलं जातं. दोन आकड्यांची अदलाबदल आणि फरक १,०८,००० रुपयांचा. अशा वेळी सुधारित अहवाल विनाशुल्क आणि शक्य तर दुसऱ्याच दिवशी द्यावा. मूल्यांकनाची तारीख जुनीच राहते, अहवालाची तारीख नवी पडते. पहिल्याच पानावर काय बदललं ते स्पष्ट लिहा: ‘अहवाल क्र. अमुक, दिनांक अमुक, मधील पान ४ वरील क्षेत्रफळात टंकलेखनाची चूक होती. हा सुधारित अहवाल त्याची जागा घेतो. आधीचा अहवाल वापरू नये.’ जुन्या छापील प्रती परत मागवा, आणि तो अहवाल ज्यांच्याकडे गेला असेल (बँक, सीए, वकील) त्यांना एका ओळीचा ईमेल पाठवा. हा ईमेल बरेच जण टाळतात, चूक कबूल केल्यासारखं वाटतं म्हणून. पण एकाच क्रमांकाच्या दोन पीडीएफ, वेगवेगळ्या रकमांच्या, दोन कचेऱ्यांत पडून राहणं त्याहून कितीतरी वाईट. उलटतपासणीत वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, यातला खरा कोणता? त्या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं.

खुलाशाचं काम याहून हलकं. ‘शेजारच्या सोसायटीचा दर का नाही धरला?’, ‘घसारा (वयामुळे घटलेली किंमत) एवढा कसा?’ असे प्रश्न ग्राहकाने विचारावेत, तो त्याचा हक्क आहे. उत्तर लेटरहेडवर वेगळ्या पत्राने द्यायचं, अहवालाचा क्रमांक घालून. अहवालाची फाईल मात्र उघडायची नाही. अहवाल दिल्यापासून पंधरा दिवसांत येणाऱ्या प्रश्नांची एक फेरी फीमध्येच धरलेली असावी असं माझं मत आहे. त्यातून ग्राहकाचा विश्वास वाढतो, आणि आपलं लिखाण कुठे तोकडं पडलं तेही कळतं.

काही मागण्या वरवर जास्तीच्या वाटतात, पण खरं पाहता अहवालच अपुरा राहिलेला असतो. भांडवली नफ्याच्या, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरच्या कराच्या, कामात हे फार होतं. २००१ पूर्वी घेतलेल्या घराची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत (करासाठी खरेदीच्या किमतीऐवजी ती धरता येते) काढून दिली. महिन्याभराने ग्राहकाच्या सीएचा फोन येतो, ‘त्या वर्षाचा रेडी रेकनर दर (सरकारी तक्त्यातला दर) पण जोडा.’ याला जास्तीचं काम म्हणून फी लावू नका. २०२० च्या वित्त कायद्यानंतर जमीन आणि इमारतीच्या बाबतीत ही किंमत त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी धरलेल्या सरकारी किमतीपेक्षा) जास्त धरता येत नाही, ते मूल्य उपलब्ध असेल तर. म्हणजे २००१ च्या तक्त्यातला त्या विभागाचा दर, त्यावरून निघणारं मुद्रांक मूल्य आणि आपण काढलेली किंमत ही तुलना मुळातच अहवालात असायला हवी होती. ज्या कामासाठी अहवाल मागितला ते काम त्याने होत नसेल तर तो पुरा करून देणं आपल्याकडे लागतं.

त्याच ग्राहकाने मात्र ‘आजची किंमतही टाका, म्हणजे विकताना अंदाज येईल’ म्हटलं तर गोष्ट वेगळी. तारीख बदलली आणि हेतूही बदलला. आजच्या किमतीसाठी गेल्या सहा-आठ महिन्यांतले नोंदणीकृत व्यवहार शोधायचे, त्यांचे इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातले व्यवहाराचे उतारे) काढायचे, घराची आजची अवस्था पाहायची. २००१ च्या किमतीसाठी जमवलेल्या कागदांतला एकही या कामी येत नाही, मोजमाप तेवढं येतं. आणि कराच्या कामासाठीच्या अहवालात आजच्या विक्रीचा अंदाज घालून ठेवणं ग्राहकाच्याही हिताचं नाही. उद्या करार वेगळ्या रकमेला झाला की तपासणी अधिकारी पहिला प्रश्न त्याच अंदाजावर विचारणार. ही गोष्ट ग्राहकाला एवढ्याच शब्दांत सांगितली की वेगळ्या अहवालाला बहुतेक जण तयार होतात.

बँकेची कामं

इथे गोंधळाचं मूळ एकच असतं. फी कर्जदाराच्या खात्यातून जाते, म्हणून कर्जदाराला वाटतं की मूल्यांकक आपण नेमलाय. नेमणूक बँकेची असते, अहवाल बँकेला उद्देशून असतो, आणि त्यात काय वाढवायचं हे शाखेने लेखी कळवायचं असतं. कर्जदार फोन करून म्हणाला, ‘बाल्कनी बंद करून खोली केलीय ती धरा, फर्निचर पण चांगलं आहे,’ तर उत्तर असं: ‘आपलं म्हणणं शाखेला लेखी द्या. शाखेचं पत्र आलं की मी त्यावर लेखी उत्तर देईन.’ त्यापुढे एक शब्द नको. सुटं फर्निचर तारणात येत नाही, आणि बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नसेल तर ती खोली म्हणून धरता येत नाही. पण हे मूल्यांककाने कर्जदाराशी फोनवर वाद घालून पटवायचं काम नव्हे.

शाखेकडूनच शंकापत्र आलं तर आधी बँकेचा अहवालाचा नमुना उघडा. चतुःसीमा (चारी बाजूंना काय आहे ते) कागदावर एक आणि जागेवर दुसरी, अक्षांश-रेखांश राहिलेत, घाईच्या विक्रीतल्या किमतीचा रकाना कोरा, प्रवेशद्वाराचा फोटो नाही, असं काही असेल तर ते नमुन्यातलंच आहे. विनाशुल्क आणि त्याच दिवशी द्या. नमुन्याबाहेरचं मागितलं असेल, उदाहरणार्थ शेजारचा दुसरा गाळाही तारणात घेतोय तो जोडा, तर नवं नेमणूकपत्र मागा. ५० कोटी किंवा त्यावरच्या मालमत्तेसाठी बँकेने किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. त्या वेळी ‘दुसऱ्या मूल्यांककाचा आकडा इतका आलाय, तुमच्यात त्याबद्दल एक परिच्छेद घाला’ अशी विनंती आली तर नम्रपणे नाही म्हणा. दुसऱ्याचा आकडा पाहून आपला मजकूर बदलला की तो अहवाल स्वतंत्र राहत नाही.

एकाने करून घेतलेला अहवाल दुसऱ्याच्या नावाने देणंही असंच. ‘फक्त नाव बदला’ म्हणतात. मालकाने स्वतःच्या माहितीसाठी करून घेतलेला अहवाल बँकेच्या नावाने दिला की बँक त्यावर कर्ज देणार आणि जबाबदारी आपल्यावर येणार. बँकेचा नमुना वेगळा, पॅनेल (मान्य मूल्यांककांची यादी) वेगळं, तिने विचारायचे प्रश्न वेगळे. इथे बँकेचीच नेमणूक लागते. जागा तीच असेल आणि दोन-तीन महिन्यांच्या आत काम आलं असेल तर फीमध्ये सवलत द्यावी. जागा पुन्हा पाहायचीच, पण मोजमाप नव्याने करावं लागत नाही.

‘तिघा भावांची वेगवेगळी किंमत तेवढी काढून द्या’

सगळ्यात जास्त गुंत्याची मागणी ही, आणि ती नेहमी पूर्ण घराचा अहवाल दिल्यावरच येते. उदाहरण घेऊ. तळमजला अधिक दोन मजल्यांचं घर, भूखंड २५० चौरस मीटर, जमिनीचा दर ३६,००० रुपये. जमिनीची किंमत ९०,००,००० रुपये. प्रत्येक मजला १०० चौरस मीटर, म्हणजे बांधकाम ३००. नव्याने बांधायचा खर्च २२,००० रुपये प्रति चौरस मीटरने ६६,००,००० रुपये. वय २५ वर्षं, एकूण आयुष्य ६० वर्षं, शेवटी उरणारं भंगारमूल्य १० टक्के. घसारा ९० गुणिले २५ भागिले ६०, म्हणजे ३७.५ टक्के, रकमेत २४,७५,०००. बांधकामाचे उरतात ४१,२५,००० रुपये. घर एकूण १,३१,२५,००० रुपयांचं.

ग्राहक म्हणतो, भागिले तीन, ४३,७५,००० प्रत्येकी, एवढं लिहून द्या. हे लिहून देऊ नका. तळमजल्याला रस्त्याकडे दोन गाळे आहेत, त्यांचा दर राहत्या मजल्याच्या दराशी जुळत नाही. वरच्या मजल्यावर गच्ची आहे, पण जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही. गच्चीचा वापर कोणाकडे, गाडी लावायची जागा कोणाकडे, पुढे नियमानुसार चटई निर्देशांक (भूखंडावर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) शिल्लक असेल तर वाढीव बांधकामाचा हक्क कोणाचा, यातल्या प्रत्येक उत्तराने आकडा हलतो. ही उत्तरं मूल्यांककाने द्यायची नसतात. कुटुंबाने वकिलाकडून वाटणीचा मसुदा करून द्यायचा, आणि त्या मसुद्यानुसार आपण प्रत्येक हिश्शाची किंमत काढायची. मसुदा नसेल तर काम सुरूच करू नका. नाहीतर आपण मूल्यांकन करता करता वाटणीच करून बसतो.

अजून एक गोष्ट आधीच लिहून कळवावी: हिश्शांच्या किमतींची बेरीज पूर्ण घराच्या किमतीएवढी येईलच असं नाही. वेगळा दरवाजा, वेगळं मीटर, वेगळा मिळकत उतारा नसलेला एक मजला बाजारात एकटा विकायला काढला तर गिऱ्हाईक कमी मिळतं. उलट रस्त्यावरचे गाळे सुटे विकले तर जास्त येऊ शकतं. हे न सांगता तीन आकडे दिले की पहिल्या अहवालातल्या १,३१,२५,००० शी ते ताडून पाहिले जातात, बेरीज जुळत नाही, आणि ज्या भावाला कमी आलं त्याचा संशय मूल्यांककावर येतो.

या कामाला मजलानिहाय मोजणी अर्धा दिवस, गाळे आणि राहती जागा यांच्या वेगवेगळ्या व्यवहारांचा शोध एक दिवस, लिखाण एक दिवस. अडीच दिवस धरा. आपला दिवसाचा दर ६,००० रुपये असेल तर १५,००० रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्क्यांनी २,७०० रुपये वर, एकूण १७,७००. वाढीव कामाची फी अशी दिवसांवर मांडली की ग्राहकाला कळते. ‘थोडं वाढवून द्या’ म्हणणाऱ्याला त्या ‘थोड्या’ला किती वेळ लागतो हे पहिल्यांदाच समोर दिसतं.

आयबीबीआयकडे (भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाकडे) नोंदणी असलेल्या मूल्यांककांच्या आचारसंहितेत, लेखी करारात सांगितलेल्या फीखेरीज दुसरं काही घेऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तोंडी ठरलेलं वाढीव काम करून नंतर बिल पाठवणं नियमातही बसत नाही. आधी पत्र, मग मोजपट्टी. पत्र लांबलचक लागत नाही. व्हॉट्सॲपवरच्या मागणीलाही उत्तर ईमेलने द्या, साधारण असं:

‘आपण दिनांक अमुक रोजी आउटहाऊसचा समावेश करण्यास कळवले. अहवाल क्र. अमुक हा फक्त मुख्य इमारतीचा असून तो पूर्ण झाला आहे. आउटहाऊससाठी स्वतंत्र पुरवणी अहवाल करावा लागेल. त्यासाठी मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती व असल्यास भोगवटा प्रमाणपत्र पाठवावे. कालावधी ४ दिवस, फी अमुक. बांधकाम मंजूर नकाशात नसल्यास तसा उल्लेख अहवालात राहील. मान्य असल्यास याच ईमेलला होकार कळवावा.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. आउटहाऊस, पोटमाळा, बंद केलेली गच्ची, मागची पत्र्याची शेड यांच्या मागणीत निम्म्या वेळी नकाशाबाहेरचं बांधकामच निघतं. अहवाल हातात आल्यावर ‘तो अनधिकृतचा उल्लेख तेवढा काढा’ हा फोन यायचा नसेल तर ते पैसे घेण्याआधी सांगितलेलं बरं.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या व्हिसाच्या कामात दोन ठरलेल्या मागण्या येतात. किंमत डॉलरमध्येही द्या, हा खुलासा आहे. मूल्यांकनाच्या तारखेचा एफबीआयएलचा (डॉलरचा संदर्भ दर जाहीर करणारी संस्था) संदर्भ दर लिहून रूपांतराचं पत्र द्या, रुपयांचा आकडा तसाच राहू द्या. ‘गावाकडची आजोबांची जमीनही यातच घाला’ हे मात्र नवं काम. नवा सातबारा, नवी जागा, आणि आजोबांच्या नावची जमीन नातवाच्या कागदांत कशी दाखवायची हा सीएने ठरवायचा प्रश्न.

किंमत वाढवून मागणं याला मी व्याप्ती वाढवणं म्हणतच नाही. तरी एक दार उघडं ठेवावं. ग्राहकाने मूल्यांकनाच्या तारखेआधीचा, त्याच भागातला, आपल्या नजरेतून सुटलेला नोंदणीकृत व्यवहार आणला, इंडेक्स टूसह, तर तो मनापासून तपासा. खरंच तुलनेचा असेल तर अहवाल कारण लिहून सुधारा. नसेल तर का नाही ते पत्राने कळवा. तारखेनंतर झालेला व्यवहार त्या तारखेच्या किमतीत धरता येत नाही, आणि वेबसाईटवरची मागणीची रक्कम म्हणजे व्यवहार नव्हे.

यातलं बरंचसं मूळ नेमणूकपत्रातच थोपवता येतं. पाच गोष्टी नावानिशी लिहा, सिटी सर्व्हे नंबर किंवा गट नंबरासकट. कशाचा समावेश नाही तेही लिहा, ‘आवारातील अन्य बांधकामे वगळून’ असं उघड. प्रती किती, प्रश्नांची एक फेरी पंधरा दिवसांत, वाढीव कामाचा दिवसाचा दर, आणि कोर्टात साक्षीला जावं लागलं तर त्याची वेगळी फी. जागेवर जाल तेव्हा मालकाला विचारा, ‘आवारातलं आणखी काही धरायचंय का?’ आणि उत्तर मोजणीच्या कच्च्या नकाशावरच लिहून त्याची सही घ्या. आउटहाऊसचा अर्धा वाद त्या सहीने मिटतो.

फाईलमध्ये प्रत्येक मागणीची नोंद ठेवा: तारीख, कोण बोललं, काय मागितलं, काय उत्तर दिलं, का दिलं. पुरवणी अहवालाला मूळ क्रमांकापुढे ‘पु-१’ लावा आणि डिजिटल सहीची अंतिम पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, वर्डची फाईल त्या फोल्डरमध्ये नको. आचारसंहितेप्रमाणे कागद किमान तीन वर्षं ठेवायचे, आणि न्यायाधिकरणापुढे प्रकरण चालू असेल तर निकाल लागेपर्यंत. वाटणीच्या फायली मी याहून खूप जास्त काळ जपाव्यात असं म्हणेन. भावांचा वाद दहा वर्षांनीही कोर्टात उभा राहतो, आणि तेव्हा तळमजल्याचा वेगळा दर का धरला हे सांगायला तो मोजणीचा कच्चा नकाशाच उपयोगी पडतो.